हलके बेक्ड व्हेजिटेबल: सॉस, वाघ्या घेवडा आणि वरचा खरपूस थर

ज्यांना व्हाइट सॉसमधले बेक्ड व्हेजिटेबल मनापासून आवडते, आणि त्यातले लोणी-चीज आठवून जे ते महिनोन्महिने करायचे टाळतात, अशा सर्वांसाठी ही नोंद आहे. पावसाळ्यापासून मी या एकाच पदार्थावर काम करते आहे. त्यातला स्निग्धांश सुमारे एक तृतीयांशावर आणायचा, प्रथिने आणि तंतू वाढवायचे, आणि तरीही ताटात वाढल्यावर कोणाला पथ्याचे खाल्ल्यासारखे वाटू नये, एवढे उद्दिष्ट मी समोर ठेवले आहे. साताऱ्यात सहज मिळेल त्याच सामानात ते साधायचे, ही अट मात्र मी स्वतःहून घातली आहे.

आधी जुन्या प्रमाणाचा हिशोब मांडते, कारण त्याशिवाय कुठे हात घालायचा हे कळत नाही. सहा जणांसाठी माझे जुने प्रमाण असे होते: म्हशीचे दूध ५०० मिली, लोणी ४० ग्रॅम, मैदा ४० ग्रॅम, किसलेले प्रोसेस्ड चीज २०० ग्रॅम, आणि वर भुरभुरायच्या ब्रेडच्या चुऱ्याला आणखी १५ ग्रॅम लोणी. दुधातले स्निग्ध किमान ३० ग्रॅम, सॉसच्या लोण्यातले ३२, चीजमधले सुमारे ५० आणि चुऱ्यातले १२ धरले, तर एकूण १२४ ग्रॅम होतात, म्हणजे माणशी वीस ग्रॅमच्या वर. एक ग्रॅम स्निग्धातून ९ किलोकॅलरी मिळतात हे लक्षात घेतले, तर भाज्या मोजण्याआधीच माणशी जवळजवळ १९० किलोकॅलरी होतात. या हिशोबात भाज्या कुठेच नाहीत, आणि खरे तर पदार्थाचे नाव भाज्यांवरून पडलेले आहे.

हे आकडे पाहिल्यावर बरेच जण पहिल्यांदा चीज काढून टाकतात किंवा कमी स्निग्धांशाचे चीज आणतात. माझे मत नेमके उलट झाले आहे. चीज वरच्या थरात असते, जिभेला ते सर्वांत आधी लागते, त्याचा वास आधी येतो, आणि खाणाऱ्याच्या मनात त्या पदार्थाची ओळख त्याच थरावरून ठरते. सॉसमध्ये विरघळलेले शंभर-सव्वाशे ग्रॅम चीज मात्र दाटपणाखेरीज फारसे काही देत नाही. म्हणून कपात करायची ती सॉसमध्ये करावी, आणि वरच्या थराला शक्य तितके कमी दुखवावे. पुढचे सगळे प्रयोग याच एका विचारावर उभे आहेत.

व्हाइट सॉस म्हणजे फ्रेंच स्वयंपाकातला बेशामेल. चौदाव्या लुईच्या पदरी असलेल्या लुई द बेशामेय या सरदाराच्या नावावरून तो ओळखला जातो, आणि त्याची रीत ठरलेली आहे: लोणी आणि मैदा समान वजनात परतायचे आणि त्यात दूध घालत जायचे. यात लोण्याचे मुख्य काम पिठाच्या कणांना वेगवेगळे ठेवण्याचे आहे. प्रत्येक कणावर स्निग्धाचे आवरण बसले की गरम दूध पडल्यावर ते एकमेकांना चिकटत नाहीत आणि गुठळ्या होत नाहीत. दाटपणा येतो तो पिठातल्या स्टार्चमुळे, लोण्यामुळे नव्हे. त्यामुळे पीठ थंड दुधात नीट कालवून मग गरम दुधात ओतले, तर हेच काम एक थेंबही लोणी न घालता होते. फक्त पिठाचा कच्चा वास राहू नये म्हणून ते आधी कढईत कोरडेच, रंग न बदलता, मंद आचेवर भाजून घ्यावे लागते. जास्त भाजले तर स्टार्च तुटतो आणि सॉस पातळ राहतो, म्हणून वास आला की लगेच उतरवावे.

मैद्याऐवजी मी माण-खटावकडच्या शाळूचे पीठ वापरते. ज्वारीत ग्लूटेन नाही, त्यामुळे सॉसला चिकट ताण येत नाही, आणि हे मला आवडते. पण ज्वारीच्या स्टार्चला फुलायला गव्हापेक्षा जास्त उष्णता लागते. मैद्याचा सॉस बुडबुडे आले की जवळजवळ तयार असतो. ज्वारीचा त्यानंतरही सहा-सात मिनिटे सतत ढवळत शिजवावा लागतो, नाहीतर जिभेवर रवाळपणा जाणवतो. पीठ वस्त्रगाळ असणेही आवश्यक आहे. गिरणीतून आणलेले भाकरीचे पीठ बारीक चाळणीने चाळूनही पुरेसे मऊ होत नाही, म्हणून मी ते पातळ सुती कापडातून गाळून घेते आणि एका बरणीत खास या कामासाठी ठेवते.

नुसत्या ज्वारीच्या सॉसला दाटपणा आला, पण जुन्या सॉसचा भरीवपणा आला नाही. दुधातले स्निग्ध कमी केले की तोंडात तो रेशमी थर राहत नाही. त्यासाठी दोन वाटा मी तपासल्या. पहिली चक्क्याची. चक्का आंबट असल्याने गरम होताच त्यातली प्रथिने आकसतात आणि सॉस फाटतो. कढीत बेसन घालून आपण जो उपाय करतो तोच इथे केला, तर फाटणे थांबते, पण आंबटपणा उरतो आणि मग तो पदार्थ निराळ्याच चवीचा होतो. दुसरी वाट फ्लॉवरची, आणि तीच मी कायम केली आहे. सुमारे २०० ग्रॅम फ्लॉवरचे तुरे वाफवून, डबल टोन्ड दुधाच्या थोड्या भागाबरोबर मिक्सरमध्ये अगदी बारीक वाटायचे. डबल टोन्ड दुधात स्निग्धांश १.५ टक्के असतो, म्हणजे ४०० मिली दुधात फक्त ६ ग्रॅम. वाटलेल्या फ्लॉवरमुळे सॉसला अंग येते आणि रंगही पांढराच राहतो. फ्लॉवर दुधाच्या वजनाच्या निम्म्याहून जास्त झाला तर मात्र त्याचीच चव पुढे येते. तो सुरी सहज जाण्याइतकाच शिजवावा. जास्त वेळ शिजवला की त्यातल्या गंधकाच्या संयुगांचा उग्र वास सुटतो, आणि तो नंतर जायफळानेही झाकत नाही.

वासाबद्दल थोडे विस्ताराने लिहायला हवे. अनेक सुगंधी द्रव्ये स्निग्धात विरघळतात आणि स्निग्धाबरोबरच जिभेवर रेंगाळतात. म्हणून हलका केलेला पदार्थ फिका लागतो, आणि मग लोक मीठ वाढवतात, जे आरोग्याच्या दृष्टीने लोण्याइतकेच वाईट. यावर जुन्या फ्रेंच पद्धतीतलीच एक युक्ती उपयोगी पडते. अर्ध्या कांद्याला दोन लवंगा टोचून, तमालपत्राबरोबर तो दुधात घालायचा, दूध उकळीच्या अलीकडे आणून झाकून वीस मिनिटे ठेवायचे आणि मग गाळून सॉसला वापरायचे. शेवटी पांढरी मिरी, किसलेले जायफळ आणि पाव चमचा मोहरीची पूड घालावी. मोहरी स्वतः जाणवत नाही, पण चीजची चव ती ठळक करते. आणि गॅस बंद केल्यावर फक्त १० ग्रॅम लोणी. हे लोणी सुरुवातीला परतण्यात घातले तर हरवून जाते. शेवटी घातले की त्याचा वास पूर्ण मिळतो. सॉसमधल्या चाळीस ग्रॅमच्या जागी हे दहा ग्रॅम पुरतात, असे माझे ठाम मत झाले आहे.

आता घेवड्याकडे वळते, कारण या पदार्थात मला सर्वांत जास्त समाधान देणारा बदल तोच आहे. कोरेगाव तालुक्याच्या वाघ्या घेवड्याला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे, आणि आमच्याकडे तो आमटीला नेहमीच असतो. फिकट गुलाबी अंगावर गडद लाल रेघा असलेला हा दाणा राजम्याच्याच कुळातला, पण आकाराने लहान आणि शिजल्यावर लोण्यासारखा मऊ. कोरड्या घेवड्यात शंभर ग्रॅमला २२ ते २४ ग्रॅम प्रथिने असतात, त्यामुळे १५० ग्रॅम घेवडा घातला की सहा जणांच्या जेवणात वरणाची वेगळी गरज राहत नाही. तो वाटून सॉसमध्येच मिसळावा असे आधी मनात होते, पण त्याने सॉसला तपकिरी-गुलाबी छटा येते आणि बेक्ड व्हेजिटेबलचे पांढरेपण जाते. म्हणून आता तो तळाचा थर होतो: शिजवलेला घेवडा अर्धा ठेचलेला, अर्धा अख्खा, त्यात परतलेला लसूण, टोमॅटो आणि थोडा मिरपूड-जिऱ्याचा वास.

इथे दोन गोष्टी काटेकोरपणे पाळाव्यात. राजमा-घेवड्याच्या कच्च्या दाण्यांत फायटोहिमॅग्लुटिनिन नावाचे विषारी प्रथिन असते. कमी तापमानावर संथ शिजवून ते पुरते नष्ट होत नाही, त्यासाठी खळखळ उकळी किंवा कुकरच लागतो. भिजवलेला घेवडा ओव्हनमध्येच शिजेल या भरवशावर ठेवणे म्हणूनच धोक्याचे आहे. रात्रभर भिजवावा, ते पाणी टाकून द्यावे, आणि नव्या पाण्यात कुकरमध्ये मऊ शिजवावा. दुसरी गोष्ट टोमॅटोची. आंबट घटकामुळे दाण्यांच्या पेशींना धरून ठेवणारे पेक्टिन लवकर सुटत नाही, आणि घेवडा तासभर शिजूनही कडक राहतो. टोमॅटो नेहमी घेवडा शिजल्यानंतर घालावा.

भाज्यांबद्दल सांगण्यासारखे थोडेच आहे. गाजर, फरसबी, मटार आणि थोडी ढोबळी मिरची एवढ्याच मी घेते. हंगामात महाबळेश्वरची गाजरे मिळाली तर फारच उत्तम, कारण त्यांच्या गोडीने सॉस खुलतो. कोबी आणि दुधी टाळते, दोन्ही पाणी सोडतात. भाज्या उकडण्यापेक्षा एक चमचा तेलावर मोठ्या आचेवर परतल्या तर त्यांच्यातले पाणी आधीच निघून जाते आणि हलका सॉस पातळ होत नाही. जुना लोण्या-मैद्याचा सॉस थोडे पाणी सहन करत असे. हा करत नाही.

चीजचे प्रमाण २०० ग्रॅमवरून ७० ग्रॅमवर आले आहे: ४० ग्रॅम मुरलेले चेडार आणि ३० ग्रॅम प्रोसेस्ड चीज. चेडार जितके मुरलेले तितकी त्याची चव तीव्र, म्हणून थोडेच पुरते. पण ते एकटे तापले की तेल सोडते आणि वर तेलकट डाग दिसतात. प्रोसेस्ड चीजमध्ये स्निग्ध आणि पाणी एकत्र धरून ठेवणारे क्षार मिसळलेले असतात, त्यामुळे ते एकजीव वितळते आणि चेडारलाही सांभाळून घेते. त्यात मीठही बरेच असते, म्हणून सॉसमध्ये मी मीठ जवळजवळ घालतच नाही. कमी स्निग्धांशाचे चीज मात्र नको. ते वितळत नाही, त्याची रबरासारखी साल होते. चीज सर्वांत बारीक किसणीवर किसावे, म्हणजे तेवढ्याच वजनात सगळा पृष्ठभाग झाकला जातो.

ब्रेडच्या चुऱ्याची जागा शिळ्या भाकरीने घेतली, आणि या बदलाचे श्रेय माझ्या सासूबाईंना आहे. ज्वारीची शिळी भाकरी ओटीजीत मंद आचेवर कडकडीत वाळवायची, हाताने जाडसर कुस्करायची, तिला एक चमचा तेल, ठेचलेला लसूण आणि पांढरे तीळ चोळायचे, आणि चीजवर पसरायची. ब्रेडचा चुरा सॉसची वाफ शोषून लवकर मऊ होतो. भाकरीचा चुरा जेवण संपेपर्यंत कुरकुरीत राहतो. साताऱ्याच्या हाताला इथे शेंगदाण्याचे कूट घालायचा मोह होतोच, आणि चव खरोखर सुरेख येते, पण शेंगदाण्यात जवळजवळ निम्मे वजन तेलाचे असते. एक चमचा घालावे, मूठभर नको.

भांड्याचा आकारही महत्त्वाचा ठरला. खोल वाडग्याऐवजी पसरट, उथळ काचेचे भांडे घेतले की तेवढ्याच चीजचा खरपूस थर प्रत्येक घासाला येतो. सर्व घटक गरम असतानाच थर लावावेत, ओटीजी २०० अंशांवर आधी तापवून ठेवावा, पंधरा मिनिटे दोन्ही कॉइल आणि शेवटची चार-पाच मिनिटे फक्त वरची चालू ठेवावी. ओटीजीच्या बटणावरचा आकडा आणि आतले तापमान यांत बराच फरक असू शकतो, त्यामुळे आत ठेवायचा छोटा तापमापक घेणे मला योग्य वाटते. बाहेर काढल्यावर दहा मिनिटे हात लावू नये, सॉस त्या वेळात बसतो आणि वाढताना ओघळत नाही.

आजच्या प्रमाणात दुधाचे ६, लोण्याचे ८, चीजचे सुमारे २१ आणि तेलाचे ९ असे एकूण ४४ ग्रॅम स्निग्ध होते, म्हणजे माणशी सात ग्रॅमच्या आसपास. जेवणाऱ्यांनी दुसऱ्यांदा वाढून घेतले तरी जुन्या एका वाढपापेक्षा ते कमीच भरते.

अजून न सुटलेला प्रश्न दुसऱ्या दिवसाचा आहे. ज्वारीचा स्टार्च थंड झाल्यावर पुन्हा घट्ट बांधला जातो आणि पाणी बाहेर सोडतो, त्यामुळे फ्रिजमधून काढलेल्या भांड्यात कडेला पाणी दिसते. पुन्हा तापवल्यावर चव चांगली राहते, पोत मात्र राहत नाही. पिठात थोडी कणीक मिसळल्यावर हे पाणी कमी झाले, पण थांबले नाही. आता थंडीत मंडईत ओला पावटा येईल, तेव्हा तो सोलून, शिजवून, फ्लॉवरबरोबर सॉसमध्ये वाटून पाहणार आहे. रंगाने तो या सॉसला चालेल आणि त्यामुळे पीठ निम्मे करता येईल असा माझा अंदाज आहे. ज्यांनी पावटा किंवा दुसरे एखादे फिकट रंगाचे कडधान्य अशा सॉसमध्ये वापरले असेल, त्यांनी दुधाशी त्याचे प्रमाण किती ठेवले आणि दुसऱ्या दिवशी सॉसने पाणी सोडले का, हे अवश्य कळवावे.