गेटच्या आतले साडेचार मीटर

पुण्याच्या पश्चिमेला बाणेर, बालेवाडी, वाकड, पुनावळे या पट्ट्यात घर बघायला आलेली माणसं सॅम्पल फ्लॅटचं फॉल्स सीलिंग बघतात, क्लबहाउस बघतात आणि गाडीत बसून परत जातात. समोरचा रस्ता कुणी धड बघत नाही. खरं तर दूध, रिक्षा, स्कूलबस, संध्याकाळचा फेरफटका, सगळं त्याच रस्त्यावर व्हायचं असतं. तो चालण्याजोगा राहणार का, हे निम्मं महापालिका ठरवते आणि निम्मं बिल्डरचं गेट.

आधी रॅम्प बघा. पावसाचं पाणी आत शिरू नये म्हणून आवाराची पातळी फुटपाथपेक्षा उंच ठेवतात. समजा 45 सेंटिमीटर. गाडीचा तळ न घासता एवढं चढायला 1:10 चा उतार धरला तर साडेचार मीटर लांबी लागते आणि ती गेटच्या आतच बसवायला हवी. पण तेवढ्यात पार्किंगच्या दोन जागा निघतात, नाहीतर एखादं कारंजं. मग रॅम्प बाहेर ढकलला जातो आणि फुटपाथ आडवा कापला जातो. ओळीने सहा इमारती, प्रत्येकीला दोन गेटं, म्हणजे बारा वेळा चढ-उतार. गुडघे दुखणारा माणूस सरळ डांबरावरून चालू लागतो, आणि वर आपणच म्हणतो की लोक फुटपाथ वापरत नाहीत.

खरं तर गेटसमोरही फुटपाथ त्याच पातळीत सलग जायला हवा, उतार द्यायचा तो फक्त कडेच्या दगडांना. इंडियन रोड्स काँग्रेसच्या पादचारी मार्गदर्शिकेनुसार (आयआरसी 103) फुटपाथची उंची 15 सेंटिमीटरपर्यंत आणि मोकळी रुंदी किमान 1.8 मीटर हवी. टेप घेऊन जा. झाडाचं आळं, महावितरणची विजेची पेटी, बिल्डरची पाटी यांनी खाल्लेली जागा वजा करून मोजा.

पाण्याचं गणित यातच अडकलेलं आहे. जुना थर न खरवडता रस्त्यावर नवीन डांबर ओतलं की रस्ता दर वेळी चार-पाच सेंटिमीटर वर येतो. असे तीन थर झाले की कडेचे दगड गडप होतात आणि रस्त्याचं पाणी गेटकडे वळतं. खाली बेसमेंट असेल तर पहिला फटका लिफ्टच्या खड्ड्याला. म्हणून गेटवर आडवी जाळीची गटार असते. ती जाळी उचलता येते का ते बघा. बऱ्याच ठिकाणी ती सिमेंटने पक्की केलेली असते आणि मग गाळ काढायचा कुठून? शिवाय ती पावसाळी गटाराला जोडलेली हवी, सांडपाण्याच्या लाइनला नाही. शेजारी बांधकाम चालू असेल तर ट्रान्झिट मिक्सर, म्हणजे काँक्रीट वाहणारे फिरत्या ड्रमचे ट्रक, धुतलेलं पाणी कुठे सोडतात तेही बघा. चेंबरमध्ये गेलेलं सिमेंट पाइपात दगडासारखं बसतं आणि नुसत्या पाण्याच्या माऱ्याने निघत नाही.

आता पोडियम, म्हणजे इमारतीखालचा पार्किंगचा चौथरा. खाली तीन मजले पार्किंग असेल तर पहिली खिडकी साधारण दहा मीटरवर येते आणि रस्त्याला लागून उरते कोरी भिंत. रात्री नऊनंतर अशा रस्त्यावरून एकटीदुकटी बाई जायला कचरते. तळाला किराणा, इस्त्रीवाला, दवाखाना असला की उजेड राहतो, येजा राहते. मात्र दुकानांची फरशी फुटपाथच्या पातळीलाच हवी. तीन पायऱ्या वर दुकान म्हणजे त्या पायऱ्या आज ना उद्या फुटपाथवर उतरणारच.

भाजीची हातगाडी कोपऱ्यावर उगाच उभी राहत नाही. तिला दिव्याचा खांब लागतो, दुपारी सावली लागते आणि गिऱ्हाइकाला दुचाकी क्षणभर थांबवता येईल अशी जागा लागते. 2014 च्या पथविक्रेता कायद्यात सर्वेक्षण, प्रमाणपत्र आणि नगर पथविक्रेता समिती अशी सगळी रचना आहे. सोसायटीने ‘हटवा’ म्हणून अर्ज करण्याऐवजी फुटपाथच्या कडेला गाड्यांसाठी दोन मीटरची पट्टी आखून मागितली तर चालायची वाट मोकळी राहते आणि कोथिंबीरही खालीच मिळते.

टँकरचा हिशेब फ्लॅट घेण्याआधीच मांडा. 100 फ्लॅट, घरटी पाच माणसं, माणशी रोज 135 लिटर, म्हणजे 67,500 लिटर. नळाला पाणी नसेल तर दहा हजार लिटरचे सात टँकर, रोज. टाकीचं तोंड कुंपणाला लागून असेल तर हे सातही टँकर रस्त्यातच उभे राहणार आणि ठिबकत्या पाण्याने डांबर उखडणार. टँकर आत वळून बाहेर पडू शकतो का, हे नकाशावर बोट ठेवून विचारा. ‘पाइपलाइन येतेय’ हे उत्तर गोड मानून घेऊ नका.

राहिला डीपी रस्ता, म्हणजे विकास आराखड्यात आखलेला रस्ता. माहितीपत्रकात 24 मीटरचा रस्ता असतो, जागेवर नऊ मीटरची गल्ली, कारण मधल्या एखाद्या जागेचा ताबा महापालिकेकडे आलेलाच नसतो. महारेराच्या, म्हणजे गृहप्रकल्पांवर देखरेख ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाच्या, संकेतस्थळावर प्रकल्पाचा मंजूर नकाशा मिळतो. त्यातली रस्त्याची रेघ जमिनीवर नेमकी कुठे अडते, तिथपर्यंत चालत जा. पुढे उसाचं शेत किंवा पत्र्याची शेड दिसली, तर दोन्ही टोकं जुळेपर्यंत सगळी वाहतूक त्या नऊ मीटरमधूनच जाणार, असं धरून भाव करा.