तुम्ही विचारलंत म्हणून: टास्क सर्व्हर डॉकरमध्ये की थेट?

टास्कवॉरिअर म्हणजे टर्मिनलवरून कामांची यादी ठेवणारा प्रोग्राम. सगळ्या उपकरणांवर ती यादी एकसारखी ठेवणारा त्याचा सिंक सर्व्हर स्वतः चालवायचा, तर डॉकरमध्ये (म्हणजे कंटेनर नावाच्या वेगळ्या डब्यात) की नुसती बायनरी (थेट चालणारी तयार फाइल)? हे इतक्यांदा विचारलं जातं, की आता एकदाच लिहून ठेवते.

माझं उत्तर, डॉकर कंपोज, म्हणजे एकाच फाइलमधून अनेक कंटेनर एकत्र चालवणं. हा सर्व्हर टीएलएस (जोडणीचं एन्क्रिप्शन) स्वतः करत नाही, साधं एचटीटीपीच बोलतो. कंपोजच्या तयार फाइलमध्ये त्याच्यापुढे कॅडी हा वेब सर्व्हर असतो आणि टीएलएसचं प्रमाणपत्र तोच आणतो. त्यासाठी ८० आणि ४४३ हे पोर्ट बाहेरून दिसायला हवेत. घरचं ब्रॉडबँड सीजीनॅटमागे (अनेक ग्राहकांना मिळून एकच सार्वजनिक पत्ता) असेल तर ते दिसत नाहीत. मग छोटा व्हीपीएस (भाड्याचा आभासी सर्व्हर) घ्या किंवा टेलस्केल (आपल्याच उपकरणांचं खाजगी नेटवर्क) वापरा.

पण सिंक अडतं ते बहुतेक वेळा यामुळे नाहीच. लॅपटॉपवर यूयूआयडी (कुणाशी न जुळणारा लांब ओळख क्रमांक) तयार केला, क्लायंट आयडी म्हणून टाकला, सिंक झालं. दुसऱ्या मशीनवर पुन्हा नवा यूयूआयडी तयार केला. तिथेही सिंक बिनबोभाट होतं, आणि यादी मात्र रिकामी! कारण अनोळखी आयडी दिसला की सर्व्हर मुकाट्याने नवं खातं उघडतो. ‘क्लायंट’ म्हणजे उपकरण असं वाटतं, पण इथे त्याचा अर्थ कामांचा एक संच. सगळ्या उपकरणांवर आयडी तोच हवा आणि एन्क्रिप्शन सीक्रेटही (गुप्त शब्द) तेच, कारण कामं कुलूपबंद करणारी किल्ली या दोन्हींतून बनते. हे न कळल्यामुळे लोक डॉकरला दोष देतात, कंटेनर पुसतात, ‘कंपोज डाउन’ला ‘व्ही’ जोडून व्हॉल्यूमही (कंटेनरचा साठवलेला डेटा) घालवतात.

आता नुसता आयडी बदलूनही भागत नाही. दुसऱ्या मशीनचा इतिहास वेगळ्या खात्यातला असतो, तो जुळत नाही. तिथली कामं आधी ‘टास्क एक्स्पोर्ट’ने फाइलमध्ये काढा, डेटा फोल्डर बाजूला ठेवा, पहिल्याचा आयडी आणि सीक्रेट टाका, सिंक करा, मग ‘टास्क इम्पोर्ट’. आणि सर्व्हरच्या ‘क्लायंट आयडी’ या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये (सर्व्हर सुरू होताना वाचतो ती सेटिंग) तुमचा आयडी लिहाच. मग चुकीचा आयडी तिथल्या तिथे नाकारला जातो.

पूर्वी मीच बायनरी आणि सिस्टमडीचा (लिनक्सवर सेवा चालू ठेवणारी व्यवस्था) आग्रह धरायचे. सर्व्हरचा सगळा डेटा म्हणजे एसक्यूलाइट या डेटाबेसची एक फाइल, तिला कंटेनर कशाला? तो मुद्दा मला अजून खोडता आलेला नाही. एनजिनएक्स हा वेब सर्व्हर आधीच चालू असेल, तर बायनरीच सोपी. २०२४ मध्ये टास्कवॉरिअरची ३.० आवृत्ती आली, तोवरच्या टास्कडी या जुन्या सिंक सर्व्हरमध्ये प्रत्येक क्लायंटला प्रमाणपत्र द्यावं लागायचं. त्या जाचापुढे हे दोन्ही मार्ग सुखाचे.

सिंकथिंगने (उपकरणांमधले फोल्डर जुळवणारं साधन) डेटा फोल्डरच सिंक का करू नये, हेही विचारता. दोन मशीनवर एकाच वेळी बदललेली एसक्यूलाइट फाइल सिंकथिंगला जोडता येत नाही. ते कॉन्फ्लिक्टची दुसरी प्रत करून ठेवतं.

आणि सर्व्हर म्हणजे बॅकअप नव्हे. एकीकडे पुसलेलं काम सगळीकडून जातं. रोज रात्री क्रॉनमधून (ठरल्या वेळी आज्ञा चालवणारी सोय) एक्स्पोर्ट काढा, आणि सीक्रेट सर्व्हरवर नको, पासवर्ड मॅनेजरमध्ये ठेवा.