इंग्रजीत प्रेझेंटेशन देताना डोकं ब्लँक होतं? माझा अनुभव

मी बार्शीची, शाळा पूर्ण मराठी मीडियम, आता चाकणला एका ऑटो पार्ट्सच्या कंपनीत क्वालिटीला आहे. इंग्रजी वाचायला लिहायला मला काहीच अडचण नाही, आमच्या साहेबांचे ईमेलसुद्धा जाण्याआधी माझ्याकडून फिरून जातात. पण कस्टमरपुढे उभं राहून बोलायचं म्हटलं की घशाला कोरड आणि रोजच्या वापरातला शब्दही ऐनवेळी गायब. ज्याला त्याला विचारलं की एकच उत्तर, अगं कॉन्फिडन्स वाढव. कसा वाढवू, किलोवर मिळतो का कुठे?

मग मागच्या वर्षी ठरलं की रिजेक्शनचा एट-डी रिपोर्ट, म्हणजे पार्ट का नापास झाले आणि त्यावर काय केलं याचा आठ टप्प्यांचा अहवाल, यावेळी मीच मांडायचा, समोर जर्मन कस्टमरची टीम. तेव्हा म्हटलं आधी बघू तरी की अशा वेळी डोक्यात नक्की होतं काय. आणि पहिलंच जे वाचलं त्याने हसूच आलं. शास्त्रज्ञांना प्रयोगासाठी माणसाला मुद्दाम टेन्शन आणायचं असेल तर ते काय करतात माहितीये, भाषण करायला लावतात! जर्मनीतल्या ट्रियर विद्यापीठात 1993 मध्ये बनवलेली टेस्ट आहे, थोडी तयारी करायला देतात, मग मख्ख चेहऱ्याच्या परीक्षकांपुढे 5 मिनिटं बोलायचं आणि वर लगेच 1022 मधून 13-13 वजा करत मोठ्याने उत्तरं सांगायची. बहुतेकांचं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचं हार्मोन, वाढतं. हे सुद्धा स्वतःच्या भाषेत बोलताना हं. म्हणजे हा काही माझ्या एकटीचा भित्रेपणा नव्हता.

दुसरी गोष्ट वर्किंग मेमरीची. नेल्सन कोवान यांनी 2001 मध्ये मांडलं की माणूस एका वेळी साधारण 4 च गोष्टी डोक्यात धरू शकतो. आता माझं बघा, मुद्दा काय ते धरायचं, त्याचं मराठी वाक्य, त्याचं इंग्रजी, ग्रामर बरोबर आहे ना, आणि वर समोरचा कपाळाला आठ्या का घालतोय ही काळजी. त्यात घाबरलं की मेंदूतला भीतीशी संबंधित भाग, अमिग्डाला, जोरात कामाला लागते आणि विचार करणारा पुढचा भाग, प्रीफ्रंटल कॉर्टेक्स, नेमका तेव्हाच ढेपाळतो. मग शब्द सुचणार कुठून. हे कळल्यावर मी रोज नवीन शब्द पाठ करायचं ॲप काढूनच टाकलं, शब्द कमी नव्हतेच ना, डोक्यात जागा नव्हती.

जागा करायची म्हणजे जेवढं आपोआप बोलता येईल तेवढं आपोआप करून टाकायचं. त्यासाठी 4-3-2 म्हणून एक पद्धत सापडली, न्यूझीलंडच्या पॉल नेशन यांनी त्यावर बरंच लिहिलंय. तोच विषय आधी 4 मिनिटांत बोलायचा, मग तोच 3 मिनिटांत, मग 2, आणि दरवेळी ऐकणारा नवीन. एवढी माणसं मी कुठून आणू, म्हणून एकदा रूममेट, एकदा तिचा भाऊ व्हिडिओ कॉलवर, आणि कोणीच नसलं की गच्चीवरची पाण्याची टाकी.

सुरुवातीला मी जिथे अडकायचे ती जागा मजेशीर होती. मराठीत आपण म्हणतो, इन्सर्ट झिजल्यामुळे बोअरच्या आतल्या कडेला बर राहत होता (इन्सर्ट म्हणजे धातू कापणाऱ्या टूलचं टोक, बोअर म्हणजे पार्टमधलं भोक, बर म्हणजे कडेला राहिलेली धातूची कुस), क्रियापद निवांत शेवटी. मी तसंच इंग्रजीत सुरू करायचे, ड्यू टू इन्सर्ट वेअर, ऑन द इनर एज ऑफ द बोअर... आणि पुढे सगळा आनंद, कारण कोणी काय केलं ते अजून यायचंच असायचं आणि तोपर्यंत मागचं निसटलेलं. मग तुकडे केले. वी फाउंड अ बर. इट वॉज ऑन द इनर एज. द इन्सर्ट वॉज वॉर्न आउट. संपलं. शाळेतल्या पोरासारखं वाटतं म्हणून आधी लाज वाटली, पण कारखान्यात कोणाला अलंकारिक इंग्रजी हवंय?

अख्खं भाषण मात्र पाठ केलं नाही, कारण मधला एक शब्द हुकला की पुढची गाडी रुळावरून उतरते. फक्त पहिली दोन वाक्यं आणि एका स्लाइडवरून दुसरीवर जातानाचं वाक्य, एवढंच घोटलं. तेही वाचून नाही, लॅपटॉप बंद करून आठवून. रोडिगर आणि कार्पिक यांचा 2006 चा अभ्यास आहे यावर, परत परत वाचण्यापेक्षा आठवायचा प्रयत्न केलेलं जास्त दिवस टिकतं.

भीतीसाठी बरेच उपाय असतात. पॉवर पोझ, म्हणजे छाती काढून ऐटीत उभं राहिलं की आत्मविश्वास येतो म्हणतात ती, मी केलीच नाही, ती शोधणाऱ्यांपैकीच डेना कार्नी यांनी 2016 मध्ये सांगून टाकलं की त्याचा परिणाम खरा आहे असं त्यांना वाटत नाही. हार्वर्डच्या ॲलिसन वुड ब्रुक्स यांचं 2014 चं आहे की शांत हो म्हणण्यापेक्षा मी एक्सायटेड आहे असं स्वतःला म्हणा, ते करून बघितलं, वॉशरूममध्ये आरशासमोर पुटपुटताना वेड्यासारखं वाटलं पण धडधडीचं तेवढं वाईट वाटेनासं झालं. सगळ्यात कामी आलं ते सावित्स्की आणि गिलोविच यांचं 2003 चं, की आपली घाबरगुंडी आपल्याला वाटते तेवढी समोरच्याला दिसत नाही, आणि हे नुसतं आधी सांगितलं तरी लोक जास्त चांगलं बोलतात. मी खात्री करायला स्वतःचा व्हिडिओ काढला. हात थरथरतोय असं मला पूर्ण वेळ वाटत होतं, व्हिडिओत एक बाई बऱ्यापैकी शांतपणे स्लाइड दाखवतीये.

प्रत्यक्ष मीटिंग ठीक झाली, ग्रेट वगैरे नाही. दुसऱ्या स्लाइडवर एकदा थांबले, पाणी प्यायले, घोटलेलं वाक्य आलं आणि पुढे गेले. प्रश्नोत्तरांसाठीही वाक्यं तयार होती, लेट मी शो यू द डेटा म्हणायचं आणि शीट उघडेपर्यंत विचार करायचा.

आकड्यांचं मात्र अजून जमत नाही. पाढे मराठीत पाठ, त्यामुळे हिशोब मराठीतच होतो. कस्टमरने विचारलं शिफ्टला किती पार्ट रिजेक्ट, माझ्या डोक्यात एकोणऐंशी आलं आणि तोंडातून गेलं एटी नाइन. साहेबांनी तिथल्या तिथे सांभाळून घेतलं. तेव्हापासून लागणारे सगळे आकडे मी स्लाइडवरच मोठ्या अक्षरात टाकते आणि बोट दाखवून वाचते.