थारला कुठला एअर फिल्टर? माझं मत: पेपरच ठेवा

महिंद्राची नवी थार दारात आली की आधी टायर, मग बंपर, मग लाइटबार, आणि त्यानंतर हमखास विषय निघतो तो फ्री-फ्लो, म्हणजे हवा जास्त मोकळी सोडणाऱ्या, एअर फिल्टरचा. लाल रंगाचा, तेल लावलेला, कॉटनचा, धुवायचा आणि परत वापरायचा, एकदा घेतला की आयुष्यभर बघायला नको वगैरे. ओळखीतलं कोणी ना कोणी विचारतच असतं की टाकू का, आणि माझं उत्तर ठरलेलं आहे की गाडी डिझेल टर्बो असेल आणि तू खरंच एप्रिल-मेमध्ये कच्च्या रस्त्याला जाणार असशील तर नको टाकूस. का नको ते एकदा लिहून ठेवतो, म्हणजे पुढच्या वेळी लिंक पाठवली की झालं.

आधी इंजिन हवा किती ओढतं ते बघा. २.२ लिटरचं डिझेल, फोर स्ट्रोक, म्हणजे दोन फेऱ्यांत एकदा २.२ लिटर हवा आत. ३००० आरपीएमला मिनिटाला ३३०० लिटर झाली, गच्चीवरच्या हजार लिटरच्या तीन टाक्या दर मिनिटाला रिकाम्या केल्यासारखं, आणि हा हिशोब टर्बो न धरता, टर्बोने दाब वाढवला की त्याच्याही खूप वर. ही सगळी हवा कंपनीच्या फिल्टरमधल्या त्या एका हातभर घडीच्या कागदातून जाते. आता पुढच्या गाडीने उडवलेल्या फुफाट्यात दिवसभर असं चाललं तर किती माती फिल्टरवर आपटते याचा अंदाज करा.

फिल्टर तपासायची एक पद्धत आहे, आयएसओ ५०११. ठरलेल्या प्रकारची धूळ ठरलेल्या वेगाने सोडायची आणि किती अडली, किती आत गेली ते वजन करून बघायचं. समजा एक फिल्टर ९९.५ टक्के अडवतो आणि दुसरा ९८.५. लोक म्हणतात एका टक्क्याने काय होतंय. अरे पण इंजिनला अडलेली धूळ मोजायचीच नाहीये, आत गेलेली मोजायचीय. १०० ग्रॅम धुळीमागे एकात अर्धा ग्रॅम गेली, दुसऱ्यात दीड. तिप्पट! चांगला पेपर फिल्टर या आकड्यांत सहसा पुढे असतो, तेलाचा कॉटन मागे, आणि जे काही 'जास्त हवा' म्हणून विकलं जातं ते बऱ्याचदा याच मोकळ्या विणीमुळे असतं.

डोळ्याला दिसणारी खडी-वाळू कुठलाही फिल्टर अडवतो. त्रास बारीक धुळीचा, साधारण ५ ते २० मायक्रॉनची (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन), कारण पिस्टनची रिंग आणि सिलिंडरची आतली भिंत, म्हणजे लायनर, यांच्या मधल्या ऑइलच्या थरात ती बरोबर बसते आणि घासत राहते. त्यात क्वार्ट्झ असेल तर मोहच्या मापावर कडकपणा ७, साध्या लोखंडापेक्षा कडक. आणि टर्बोचं हवा दाबणारं चाक, म्हणजे कॉम्प्रेसर व्हील, लाखाच्या वर आरपीएमने फिरत असतं, त्याच्या पात्यांच्या कडा या धुळीने झिजतात. लगेच काही कळत नाही हाच घोळ. ऑइल खायला लागली, ब्लो-बाय (रिंगच्या कडेने खाली निसटणारा गॅस) वाढला, की मग कळतं. शंका असेल तर ऑइल बदलताना त्याची लॅब टेस्ट करून घ्या, रिपोर्टमध्ये सिलिकॉन वाढलेलं दिसलं तर धूळ कुठून तरी आत येतेय असं समजायचं (नव्या सीलंटमुळेही थोडं वाढतं, लगेच घाबरू नका).

कॉटनवाल्याचं अजून एक. तो धूळ पकडतो तेलाच्या चिकटपणावर. म्हणजे धुवा, सावलीत पूर्ण वाळवा, मग तेल लावा, कमी लागलं तर धूळ आत, जास्त लागलं तर तेल उडून आत येणारी हवा मोजणाऱ्या मॅफ सेन्सरवर, मग रीडिंग चुकतं आणि गाडी पिकअपला रडते. हे सगळं कॅम्पवर कोण करणार? आणि पॉवरचं म्हणाल तर स्वच्छ स्टॉक फिल्टर मुळात अडसर नसतोच. अमेरिकेच्या ओक रिज प्रयोगशाळेने २००९ मध्ये मुद्दाम चोक केलेले फिल्टर लावून पेट्रोल इंजेक्शन गाड्या तपासल्या, मायलेजला काही विशेष फरक पडला नाही, फक्त पिकअप कमी झाला.

पण खरं सांगू का, पेपर की कॉटन यापेक्षा मोठा मुद्दा सीलिंगचा आहे आणि त्यावर कोणी बोलत नाही. फिल्टरची रबरी कड नीट बसली नाही, एअरबॉक्सची (फिल्टर ज्यात बसतो तो डबा) एक क्लिप तुटलीय, पुढच्या पाइपला चीर आहे, मग आत सोन्याचा फिल्टर ठेवा, उपयोग शून्य. फिल्टर काढला की इंजिनकडच्या बाजूला पांढरं फडकं फिरवून बघायचं. मातकट झालं तर गळती शोधा, फिल्टर नंतर.

आणि गॅरेजमधलं ते 'हवा मारून देतो साहेब' बंद करा. जोरात हवा मारली की कागदाला बारीक भोकं पडतात, दिसत पण नाहीत. शिवाय थोडी धूळ बसलेला पेपर फिल्टर कोऱ्यापेक्षा चांगला गाळतो, बसलेला थरच गाळणीचं काम करतो, म्हणून सारखा उघडून झटकायचाही नाही. कधी बदलायचा? ट्रॅक्टर-ट्रकला असतो तसा रिस्ट्रिक्शन इंडिकेटर (फिल्टर चोक झाला की दाखवणारा) बसवून घ्या, लाल दिसला की बदला. फिल्टर घेताना जुना शेजारी धरून घड्या मोजा, डुप्लिकेट मालात घड्या कमी आणि गोंद कसाही लावलेला असतो.

उरलेला पैसा स्नॉर्कलला, म्हणजे छताच्या उंचीवरून हवा ओढणाऱ्या उभ्या पाइपला, घाला. फोर्सच्या गुरखाला तो कंपनीकडूनच येतो, थारला बाहेरून बसवावा लागतो. लोकांना वाटतं पाण्यासाठी, पण आपल्याकडे वर्षातले आठ महिने तो धुळीसाठीच उपयोगी, बॉनेटच्या उंचीवरच्या धुळीपेक्षा छताजवळची हवा साफ असते. वर सायक्लोन प्री-क्लीनर लावला तर जाड धूळ फिरवून बाहेरच फेकली जाते, शेतातल्या ट्रॅक्टरच्या डोक्यावर दिसतो तोच प्रकार. जुन्या जीपांना ऑइल बाथ (हवा तेलावरून नेऊन धूळ पकडणारा फिल्टर) असायचा, तो टिकाऊ खरा पण गाडी कलली की बिघडतो आणि बारीक धुळीत पेपरपेक्षा कमीच. कॉन्व्हॉयमध्ये मात्र पुढच्याचा लोट छताच्याही वर जातो, तिथे अंतर ठेवण्याला पर्याय नाही. आणि स्नॉर्कलचे सगळे जोड सील करून घ्या, नाहीतर नुसता शोभेचा पाइप.

पावसाळ्यात पेपरची एक खोड आहे, भिजला की दम कोंडतो, फाटूही शकतो. थारची पाण्यात उतरायची मर्यादा ६५० मिमी, त्याच्या आत राहिलात तरी लाट बॉनेटवर येतेच, म्हणून ओढा ओलांडला की एअरबॉक्स उघडून बघायचा, खालचा ड्रेन व्हॉल्व चिखलाने बुजलाय का ते बघायचं, आणि एक कोरा पेपर फिल्टर प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून गाडीत ठेवायचा. ओढ्यातच बंद पडली तर सेल्फ मारायचा नाही, आधी फिल्टर बघायचा.

मारुतीच्या जिम्नीवाले विचारतील म्हणून, तुमचं पेट्रोल आहे, टर्बो नाही, तरी उत्तर तेच. एक्सपल्स आणि डर्ट बाइकवाल्यांनी मात्र तेल लावलेला फोमचा फिल्टर खुशाल लावा, एअरबॉक्स एवढासा असतो आणि धुवून लगेच परत बसवायची सवय तुम्हाला असतेच.