नुसतंच 'फीमेल'

"ताई, ही मादी कुठल्या दिवसाची?" ज्युनिअरने मायक्रोस्कोपमधून डोकं वर न काढताच विचारलं आणि मी गप्पच.

रॅटच्या मेंदूच्या कापाच्या त्या स्लाइडवर सगळं होतं, तारीख, प्रोब (एमआरएनए शोधायला वापरलेला तुकडा), सेक्शन नंबर. फक्त सायकलचा, म्हणजे मादीच्या हार्मोन चक्राचा, दिवस नाही. लेबलवर माझ्याच अक्षरात नुसतंच 'फीमेल'.

आता रॅटची सायकल ४-५ दिवसांची, आणि मेंदूतल्या हायपोथॅलॅमसच्या व्हेंट्रोमीडियल भागात एस्ट्रोजन वाढलं की त्याच्याच अल्फा रिसेप्टरचा (एस्ट्रोजन ज्याला चिकटतं ते प्रथिन) एमआरएनए, म्हणजे ते प्रथिन बनवायचा निरोप, कमी होतो, म्हणजे मी दोन महिने ज्याला रिसेप्टरचा नकाशा म्हणतेय तो कुठल्या दिवसाचा हेच मला माहीत नाही. त्यात इन सिटूमध्ये (कापातच एमआरएनए दाखवायची पद्धत) दिसतो तो एमआरएनए, रिसेप्टर नाहीच. ऑर्डर गेलीय एवढंच कळतं, माल आला का ते वेगळं बघायचं.

१९९० मध्ये सिमर्ली आणि मंडळींनी रॅटच्या अख्ख्या मेंदूत एस्ट्रोजन आणि अँड्रोजन रिसेप्टरचा असा नकाशा काढला, तेव्हा एस्ट्रोजनचा दुसरा, बीटा रिसेप्टर सापडलाही नव्हता, तो १९९६ चा. तरी तो पेपर उघडला की मला अजून भारी वाटतं.

पूर्वी बऱ्याच लॅब नुसते नरच वापरायच्या, का तर म्हणे मादीत सायकलची कटकट. मी त्यावर तावातावाने बोलायचे. आणि सायकलचा दिवस ओळखायला योनीतल्या पेशींचा स्मिअर घ्यायचा कंटाळा कोणी केला? मीच.

उद्यापासून पुन्हा पहिल्यापासून. तुमच्यापैकी कोण रोज स्मिअर घेतं, खरं सांगा?