आमची वाटचाल : आप्पांचं डोमेन

2008 साली नाशिकला सिडकोत, बंद पडलेल्या एका सायबर कॅफेच्या गाळ्यात आम्ही सुरुवात केली. डोमेन नोंदवायचं, होस्टिंग द्यायचं, मेल चालू करून द्यायचा. पहिली सहा वर्षं बरी गेली. 2014 बद्दल मात्र सविस्तर लिहायचं आहे, कारण त्या वर्षी आमच्याविषयी जे पसरवलं गेलं ते अजून अधूनमधून कानावर येतं.

अंबड एमआयडीसीतले आप्पा आमचे सर्वांत जुने ग्राहक. सीएनसीवर पंपाचे पार्ट काढतात, माल जर्मनीला जातो. त्या नोव्हेंबरात त्यांचा मेल आम्ही मायक्रोसॉफ्टच्या ऑफिस 365 वर नेला, सोबत लिंक ऑनलाइनही (इंग्रजीत Lync, त्यांचीच चॅट आणि कॉलची सेवा) चालू केलं, कारण तिकडचा खरेदी विभाग लिंकवरच बोलायचा. डोमेन मात्र गावातल्या दुसऱ्या एका होस्टिंगवाल्याकडे होतं, तेही त्याच्याच नावावर नोंदवलेलं. पॅनेलचा, म्हणजे डोमेनचे रेकॉर्ड (नोंदी) जिथे भरतात त्या पानाचा, पासवर्ड त्याने आम्हाला दिला नाही. ‘रेकॉर्ड मेल करा, आम्ही टाकतो,’ एवढंच उत्तर.

एमएक्स (मेल कुठे जावा ते सांगणारा) आणि सीनेम (एका नावाला दुसऱ्या नावाकडे नेणारा) हे रेकॉर्ड बरोबर पडले. राहिले दोन एसआरव्ही, म्हणजे एखादी सेवा कोणत्या सर्व्हरच्या कोणत्या पोर्टवर (दारावर) आहे ते सांगणारे रेकॉर्ड. एक लॉगिनचा, पोर्ट 443. दुसरा सिपफेडरेशनटीएलएसचा, बाहेरच्या कंपन्यांशी बोलण्यासाठी : प्रायॉरिटी 100, वेट 1, पोर्ट 5061. त्याने शेवटचे दोन आकडे उलटे टाकले. वेट 5061, पोर्ट 1. म्हणजे बाहेरच्यांना दारच चुकीचं. धंद्यातल्या माणसाला पुढचं लगेच कळेल. आप्पांच्या ऑफिसात लॉगिन होतंय, आपापसात चॅट होतंय, मेल येतोय, सगळ्यांच्या नावापुढे हिरवा ठिपका. फक्त जर्मनीच्या माणसाची प्रेझेन्स (तो ऑनलाइन आहे की नाही) दिसत नाही आणि त्याला पाठवलेला मेसेज जात नाही. अशा वेळी ग्राहकाला वाटतं की समोरच्याकडे बिघाड आहे, आणि समोरच्याला वाटतं की आपल्याकडे सगळं ठीक आहे. त्यातच चार दिवस गेले.

दुरुस्ती मागितली, ती दोन दिवसांनी झाली, आणि या खेपेला टार्गेटच्या, म्हणजे सर्व्हरच्या नावाच्या, शेवटचं टिंब गेलं. टिंब नसलं की नाव अपुरं समजून त्याला आपलं डोमेन जोडलं जातं. आमच्या मेलमध्ये टिंब होतं. तो मेल मी आजही जपून ठेवला आहे. रात्री साडेदहाला आप्पांच्या अकाउंट्सच्या टेबलावर बसून एनएसलुकअप (रेकॉर्ड विचारून पाहायची कमांड) उघडलं, टाइप एसआरव्ही केला आणि थेट त्या होस्टिंगवाल्याच्याच नेमसर्व्हरला (रेकॉर्ड ठेवणाऱ्या सर्व्हरला) विचारलं. ‘एसव्हीआर होस्टनेम’ म्हणजे सर्व्हरच्या नावापुढे आलं : सिपफेड डॉट ऑनलाइन डॉट लिंक डॉट कॉम, आणि त्यालाच चिकटून आप्पांच्या कंपनीचं अख्खं डोमेन. असा सर्व्हर असणंच शक्य नव्हतं. वर टीटीएल, म्हणजे रेकॉर्ड किती सेकंद साठवून ठेवायचा तो आकडा, 86400. म्हणजे चूक तिथल्या तिथे सुधारली तरी ज्याच्या सर्व्हरने ती एकदा विचारून ठेवली, त्याच्याकडे चोवीस तासांपर्यंत तीच राहणार.

मग एमआयडीसीत बोललं जाऊ लागलं की आम्हाला एसआरव्ही टाकता येत नाही. त्या डिसेंबरात तीन ग्राहक गेले, त्यांतल्या एकाचे सत्तर मेलबॉक्स होते. जानेवारीचे पगार मी बायकोच्या पाटल्या गहाण ठेवून केले. आमच्याकडे मेलची प्रत होती, पण ती पाहायला कोणी मागितली नाही, याचं मला अजून वाईट वाटतं.

आप्पांनी मला बोलावून घेतलं. म्हणाले, ‘त्यांचा फोन लागत नाही, तुम्ही रात्री इथे येऊन बसलात. डोमेन तुमच्याकडे घ्या.’ डोमेन हलवायला लागणारा ऑथ कोड मिळवायला तीन आठवडे भांडावं लागलं. डोमेन आम्ही घेतलं, पण नोंदवलं आप्पांच्या कंपनीच्या नावावर, त्यांच्याच मेलवर आणि मोबाइलवर. तेव्हापासून एकाही ग्राहकाचं डोमेन आमच्या नावावर नाही.

त्याच महिन्यात एक लांब वही आणली. प्रत्येक ग्राहकाचा झोन, म्हणजे डोमेनचे सगळे रेकॉर्ड, त्यात हाताने लिहायचा : सर्व्हिस, प्रोटोकॉल, प्रायॉरिटी, वेट, पोर्ट, टार्गेट, याच क्रमाने. टार्गेटचं टिंब लाल पेनाने. आज चौथी वही चालू आहे. नवीन मुलगा रुजू झाला की पहिला आठवडा तो वहीच उतरवतो.

नव्याने या कामात पडणाऱ्यांना सांगतो. बदलाच्या आदल्या दिवशी टीटीएल 300 वर आणा, पण जुन्या टीटीएलची मुदत सरेल एवढा वेळ मध्ये जाऊ द्या. टार्गेटमध्ये आयपी लिहू नका, सीनेमचं नावही नको. ए किंवा एएएए रेकॉर्ड (नावाचा आयपी सांगणारा) असलेलंच नाव हवं. प्रायॉरिटीचा लहान आकडा आधी धरला जातो, वेट फक्त समान प्रायॉरिटीत पाहिलं जातं. काही पॅनेल टिंब स्वतः देतात, काही देत नाहीत, म्हणून सेव्ह केल्यावर बाहेरून विचारून पाहिल्याशिवाय जागेवरून उठू नका.

पुढची वर्षं सुरळीत गेली. लिंकचं नाव पुढे स्काइप फॉर बिझनेस झालं. 31 जुलै 2021 ला स्काइप फॉर बिझनेस ऑनलाइन बंद झालं, तोवर आमचे ग्राहक मायक्रोसॉफ्टच्याच टीम्सवर आले होते. पाटल्या त्याआधीच सोडवल्या होत्या.

आता कारखाना आप्पांची मुलगी बघते. गेल्या महिन्यात तिने आयपी फोन बसवले. सिपचे (इंटरनेटवरून फोन जोडायच्या पद्धतीचे) दोन एसआरव्ही, पोर्ट 5060, मुख्य सर्व्हरला प्रायॉरिटी 10, राखीवला 20. पॅनेल तिच्याच हातात होतं, मी फोनवरून सांगत होतो. दुसरं टार्गेट लिहून झाल्यावर तिनेच विचारलं, ‘काका, शेवटी टिंब द्यायचं ना?’