आमची वाटचाल : बारा कोर आणि एक ड्रेन वायर

गोव्यात कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत आमचा गाळा आहे. यंत्रं चालवणारी कंट्रोल पॅनेल बांधतो, केबल ओढतो, ग्लँडिंग-टर्मिनेशन करतो (केबल पेटीत पक्की बसवून तिच्या तारा जोडतो) आणि लूप चेक करून, म्हणजे प्रत्येक सिग्नलचा मार्ग तपासून, ताबा देतो. इथे ती वाटचाल आणि तिच्यातून शिकलेली कंट्रोल केबलची निवड सांगतो; कोर म्हणजे केबलातली एकेक तार. सुरुवात दोघांनी केली: मी आणि माझे भागीदार, ज्यांना सगळे दादा म्हणतात. पहिल्या दिवशीची हत्यारं तीन: हाताने फिरवायचा ५०० व्होल्टचा मेगर (इन्सुलेशन तपासायचं यंत्र), रॅचेटवालं क्रिम्पिंग टूल आणि दादांची शीथ (केबलचं बाहेरचं आवरण) सोलायची सुरी.

क्रिम्पिंग टूल अजून खुंटीला आहे. रॅचेट पूर्ण दाबल्याशिवाय सुटत नाही, म्हणून सकाळचा क्रिम्प आणि संध्याकाळचा थकलेल्या हाताचा क्रिम्प सारखाच बसतो. पक्कडीने चेपलेली फेरूल, म्हणजे तारेच्या टोकावरची धातूची नळी, त्या दिवशी घट्ट वाटते. थरथरत्या चाळणीजवळच्या जेबीत (जंक्शन बॉक्समध्ये) तीच चार महिन्यांत सैल होते आणि मग फॉल्ट येतो-जातो, येतो-जातो. बारीक तारांच्या टोकाला कथील लावून स्क्रू आवळणारेही आहेत. कथील दाबाखाली हळूहळू वाहतं आणि स्क्रू आपोआप ढिला होतो. फेरूलच लावा: ०.७५ स्क्वेअर एमएम (चौरस मिलिमीटर) जाडीला राखाडी, १ ला लाल, १.५ ला काळी. मेगरबद्दलही न विचारता सांगतो, पीएलसीचं (पॅनेलमधल्या कंट्रोल संगणकाचं) कार्ड आणि ट्रान्समीटर (मापाचा सिग्नल पाठवणारं उपकरण) दोन्ही टोकांना सोडवल्याशिवाय त्याची मूठ फिरवू नका. कार्ड जाळून शिकण्यासारखी ही गोष्ट नाही.

तेव्हा धंदा खाणींवर चालायचा. डिचोली-सांगे भागातले खनिज धुण्याचे प्लांट, कन्व्हेयर, पंप हाऊस. तिथे केबलची निवड सोपी होती: आर्मर्ड (धातूचं कवच असलेली), दीड स्क्वेअर एमएम, ११०० व्होल्ट ग्रेड. बहुतेक सिग्नल लिमिट स्विच आणि पुल कॉर्डचे, म्हणजे नुसते चालू-बंद (डिजिटल); सतत बदलणारं माप सांगणारे अॅनालॉग हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. २०१२ साली खाणी बंद पडल्या आणि आमची निम्म्याहून जास्त गिऱ्हाइकं एका हंगामात गेली. त्याआधीच्या वर्षांबद्दल सांगण्यासारखं फारसं नाही. पॅनेल जात होती, पैसे येत होते.

मग वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीकडे वळलो. तिथले कारखाने वेगळे. मोटरचा वेग बदलणारे व्हीएफडी भरपूर, माप ४ ते २० मिलिअँपिअरच्या करंटने पाठवणारे ट्रान्समीटर भरपूर, आणि दोन्ही एकाच शेडमध्ये, म्हणजे पहिल्याची विजेची गडबड दुसऱ्याच्या सिग्नलात.

तिथलं एक काम आम्हाला जवळजवळ घेऊन बुडालं. कारखान्याचं नाव लिहीत नाही. आमच्या कोटेशनात अॅनालॉगसाठी पेअर केबल होती: प्रत्येक जोडी पिळलेली, प्रत्येक जोडीला फॉइल, वरून एकत्र फॉइल. डिजिटलसाठी वेगळी १२ कोर, टिन केलेल्या (कथिलाचा थर दिलेल्या) तांब्याच्या ब्रेडिंगसह (विणलेल्या जाळीसह), कव्हरेज किमान ८५ टक्के. खरेदी खात्याने आकडा पाहिला आणि ठरवलं, माल आमचा, मजुरी तुमची. माल आला तो आमच्याच धंद्यातल्या दुसऱ्या एका पुरवठादाराकडून, ज्याने त्याच कामाला आमच्याविरुद्ध कोटेशन भरलं होतं. चार ड्रम. अॅनालॉगला आणि डिजिटलला एकच केबल, १२ कोर, ०.७५ स्क्वेअर एमएम, नुसती फॉइल आणि एक ड्रेन वायर (फॉइलला लागून जाणारी उघडी तार; तिच्यातून फॉइल जमिनीला, म्हणजे अर्थला, जोडतात). आम्ही ओढली. खाणी बंद, पगार चालू, नाही कोण म्हणणार?

आमचा पहिला दोष तिथेच. बाहेरचं शिल्ड, म्हणजे फॉइल किंवा ब्रेडिंग, बाहेरच्या त्रासापासून वाचवतं. त्याच शीथच्या आत शेजारच्या कोरमधून सोलेनॉइड (वीज दिली की व्हॉल्व्ह हलवणारी कॉइल) उघडझाप करत असेल, तर त्याला ते काहीच करू शकत नाही. ४-२० आणि २४ व्होल्टचे सोलेनॉइड एका केबलात घालायला आम्ही लेखी नकार द्यायला हवा होता. फोनवर सांगितलं. फोनवरच्या सांगण्याला बिलाच्या वेळी किंमत नसते.

प्लांट सुरू झाला आणि टाक्यांची लेव्हल नाचू लागली. पंपाचा व्हीएफडी बंद असला की १२.० मिलिअँपिअर स्थिर. चालू झाला की ११.६ ते १२.४. पाच मीटर रेंजच्या टाकीत म्हणजे वरखाली साडेबारा सेंटिमीटर. गंमत अशी की काही टाक्या नाचत होत्या, काही नव्हत्या. पुरवठादाराने लगेच सांगून टाकलं, ग्लँडिंग चुकलंय. कारखान्याने ते मानलं आणि आमचं बिल अडवलं.

शोध कसा घेतला ते सविस्तर लिहितो, कारण हीच पद्धत आम्ही आजही वापरतो. आधी ट्रान्समीटर सोडवून त्याच्या जागी लूप कॅलिब्रेटरने १२ मिलिअँपिअर पाठवले. नाच तसाच. म्हणजे ट्रान्समीटर निर्दोष. मग केबल पॅनेलकडे सोडवली आणि कॅलिब्रेटर थेट कार्डाच्या टर्मिनलवर लावला. आकडा दगडासारखा. म्हणजे कार्डही निर्दोष, उरली केबल. प्रत्येक शिल्डच्या अर्थ वायरवर मिलिअँपिअर मोजणारा क्लॅम्प मीटर फिरवला. तीन केबलांच्या शिल्डमधून करंट वाहत होता, कारण आमच्याच पोरांनी ड्रेन वायर पॅनेलला आणि फील्डच्या जेबीलाही अर्थ केली होती. दोन अर्थमध्ये थोडाही व्होल्टेजचा फरक असला की शिल्ड स्वतःच तारेसारखं करंट वाहतं आणि ५० हर्ट्झची गुणगुण आत सोडतं. फील्डकडचं टोक सोडवून टेपने झाकलं. तीनपैकी दोन टाक्या शांत झाल्या. तो दोष आमचा, तो आम्ही त्याच दिवशी लिहून दिला.

बाकीच्या नाचतच होत्या. दादांनी शेवटी सुरी काढली आणि उरलेल्या तुकड्यांची शीथ हातभर सोलली. फॉइल म्हणजे एका बाजूला अॅल्युमिनियम, दुसऱ्या बाजूला प्लास्टिकची मायलार पट्टी. ड्रेन वायर अॅल्युमिनियमच्या बाजूला टेकलेली हवी, तरच फॉइलला अर्थ मिळतो. मीटरची एक सुई ड्रेन वायरवर, दुसरी अॅल्युमिनियमवर: दोन ड्रमांच्या तुकड्यांत बीप वाजला, दोनांत नाही. त्या दोनांत फॉइल उलटी गुंडाळली होती, धातू बाहेर आणि ड्रेन वायर आत मायलारवर. फॉइल हवेत लोंबकळत होती आणि आम्ही एका निरुपयोगी तारेला व्यवस्थित अर्थ करत होतो. नाचणाऱ्या टाक्या नेमक्या त्याच दोन ड्रमांवरच्या.

तुकडे, फोटो, रीडिंगचा तक्ता, सगळं दिलं. बिल सुटायला सात महिने लागले. त्या सात महिन्यांत बँकेची सीसी (कॅश क्रेडिटची उचल) गळ्यापर्यंत आली आणि दोन जुनी पोरं दुसरीकडे गेली. दहा टक्के रिटेन्शन (कामाच्या हमीसाठी राखून ठेवलेली रक्कम) कधीच आलं नाही. पुरवठादाराने केबल बदलून दिली आणि पुढचं कामही त्यालाच मिळालं. असो.

त्या काळात आम्हाला तारलं ते एका काजू कारखान्याने. मालकांना आम्ही पात्रांव म्हणतो. त्यांचं काम लहान: बॉयलर, काजूगर वाळवायचा बोर्मा ड्रायर, चार-पाच मोटरी. त्यांनी पुढच्या हंगामाच्या पॅनेलचा निम्मा आगाऊ पैसा चवथीच्या आधी हातात ठेवला, काम सुरू व्हायला अवकाश असताना. कागद नाही, काही नाही.

त्यांच्याकडे एक गोष्ट आम्ही नीट केली, ती इथे येऊ द्या. ड्रायरचं तापमान खऱ्यापेक्षा ८ अंश जास्त दिसायचं, काजूगर ओला राहायचा. पीटी-१००, म्हणजे तापमानाबरोबर रेझिस्टन्स बदलणारा सेन्सर, दोनच तारांवर जोडला होता, ०.७५ ची ६० मीटर केबल. ०.७५ स्क्वेअर एमएमच्या लवचिक तांब्याचा रेझिस्टन्स किलोमीटरला २६ ओहम. जाऊन-येऊन १२० मीटरला ३.१२ ओहम. पीटी-१०० अंशाला ०.३८५ ओहम बदलतो. भागाकार करा, ८.१ अंश. तिसरी तार ओढली, कंट्रोलरला तीन तारांचं सेटिंग दिलं, म्हणजे तो तारांचा रेझिस्टन्स वजा करतो; चूक गेली. तिन्ही कोर एकाच केबलातले, एकाच जाडीचे हवेत, नाहीतर वजाबाकी जुळत नाही. बॉयलरजवळून जाणारा तुकडा मात्र पीव्हीसीचा नको. साधं पीव्हीसी ७० अंशांचं, आणि तेल लागलं तर त्यातला मऊपणा निघून जाऊन ते कडक होतं, तडकतं.

आता मूळ मुद्दा, केबल निवडायची कशी. आम्ही दर शेवटी विचारतो. आधी चार प्रश्न: किती लांब, शेवटी काय जोडलंय, वाटेत शेजारी कोण, आणि केबल हलणार की पडून राहणार.

लांबीचा हिशेब सोपा आहे आणि तरी कोणी करत नाही. २४ व्होल्टचा सोलेनॉइड, ०.५ अँपिअर, अंतर १२० मीटर. ०.७५ मध्ये जाऊन-येऊन ६.२४ ओहम, ३.१ व्होल्ट वाटेतच गेले, सोलेनॉइडला २०.९ मिळाले. बहुतेक सोलेनॉइड दहा टक्के कमीपर्यंत चालतात, म्हणजे २१.६. हा थंड असताना ओढेल आणि दुपारी कॉइल तापल्यावर रुसेल. १.५ ला किलोमीटरला १३.३ ओहम, तिथे २२.४ मिळतात. आणि कॉमन विसरू नका: सहा सोलेनॉइडना एकच परतीचा कोर दिला, तर त्या कोरमधून सहांचा करंट एकत्र येतो. कॉमनला दोन-तीन कोर समांतर घ्या. म्हणून १२ कोर घेतली की त्यात कामाला नऊ-दहाच धरतो. राहिलेले कोर मोकळे लोंबकळत ठेवत नाही, पॅनेलच्या टोकाला अर्थ करतो.

अंतर २०० मीटरच्या पुढे असेल तर २३० व्होल्ट एसीचे इनपुट (पीएलसीला येणारे सिग्नल) त्या केबलातून नेऊ नका. कोरा-कोरांमधल्या कपॅसिटन्समुळे स्विच बंद केला तरी शेजारच्या कोरमधून करंट झिरपतो. १०० नॅनोफॅरड प्रति किलोमीटर धरला तर २५० मीटरला १.८ मिलिअँपिअर. काही इनपुट एवढ्या करंटवर चालूच राहतात, आणि ऑपरेटर शपथेवर सांगतो की स्विच बंद आहे. तो खरं बोलत असतो.

शेजार म्हणजे व्हीएफडीची मोटर केबल. ती शिल्डेडच हवी, आणि तिचं शिल्ड मात्र दोन्ही टोकांना अर्थ करायचं, तेही ग्लँडमध्ये चहूबाजूंनी पकडून. शिल्डची वेणी वळून लांब शेपटी काढली की वरच्या फ्रिक्वेन्सीला ती अर्थ उरत नाही. अॅनालॉगचं शिल्ड एका टोकाला, मोटरचं दोन्ही टोकांना, हा फरक कळला की निम्मे फॉल्ट संपतात. दोन्ही एका ट्रेमध्ये नकोत. आम्ही ३०० मिलिमीटर सोडतो, ओलांडावंच लागलं तर काटकोनात. मॉडबससाठी (उपकरणांमधल्या डेटाच्या देवाणघेवाणीसाठी) कंट्रोल केबलातले दोन सुटे कोर वापरणाऱ्यांना तर हात जोडतो. तिला १२० ओहमची पिळलेली जोडी लागते.

हलणाऱ्या केबलला, ड्रॅग चेनमध्ये (हलत्या यंत्राबरोबर केबल नेणाऱ्या साखळीत), नुसती फॉइल कधीच नको. वाकून वाकून ती चिरते आणि शिल्ड तुकड्यातुकड्यांचं होतं. तिथे ब्रेडिंग, बारीक तारांचा कंडक्टर, आणि वाकण्याची त्रिज्या केबलच्या व्यासाच्या किमान दहापट.

कोरना रंग की नंबर, यावर आमच्यात अजून भांडण आहे. सातच्या वर आम्ही नंबरच घेतो. ट्यूबलाइटखाली जेबीत डोकं घालून बसल्यावर तपकिरी आणि जांभळ्यातला फरक दादांनाही दिसत नाही.

गोव्याचा पाऊस कॅटलॉगमध्ये नसतो. वास्कोकडच्या खाऱ्या हवेत उघड्या तांब्याचं ब्रेडिंग दोन पावसाळ्यांत हिरवं पडतं, म्हणून टिन केलेलंच घ्या. गच्चीवरच्या जेबीत वरून ग्लँड दिली की पाणी शीथच्या आतून, तारांच्या फटींतून खाली उतरतं आणि दोन मजले खालच्या पॅनेलमध्ये टर्मिनलवर ठिबकतं. पॅनेलवर कुठे गळती नसते, लोक छत बघत बसतात. ग्लँड खालून, केबलला आधी एक झोळ, आणि ड्रमचं कापलेलं टोक त्याच क्षणी कॅपने बंद. जूनमध्ये उघड्या टोकाचा ड्रम अंगणात ठेवला तर तो ड्रम गेला असं समजा.

ड्रम आला की आमच्याकडे अर्ध्या तासाची तपासणी होते. एक कोर खरवडायचा: आत पांढरं दिसलं तर ते तांबं चढवलेलं अॅल्युमिनियम, रेझिस्टन्स दीडपटीहून जास्त. मग दोन कोर पलीकडे जोडून मिलिओहम मीटरने लूप मोजायचा. १.५ च्या १०० मीटरला लूप २.६६ ओहमपर्यंत हवा, टिन केलेला असेल तर २.७४; हे २० अंशांचे आकडे, आपल्याकडच्या ३० अंशांना चार टक्के वर धरायचे. मग हातभर सोलून ड्रेन वायर आणि फॉइलचा बीप. दोन्ही टोकांना.

त्या उलट्या फॉइलचा तुकडा गाळ्यात टेबलामागे टांगलेला आहे, नव्या पोराला पहिल्या दिवशी तो सोलायला देतो. रिटेन्शनची रक्कम खातेवहीत अजून येणे म्हणून आहे. सीए दर मार्चला विचारतात, राइट-ऑफ करू का. दादा नाही म्हणतात.